पांढरी चार, काळी एक

तीन बायका तुम्ही मारल्यात.

माझ्या नवऱ्याने मारल्या असं तुमच्या कागदावर आहे. आता माझ्या बापाचं नावही त्याच कागदावर चढवलंत. दोघांनीही कोणाला मारलेलं नाही. मारलंत तुम्ही, कार्यालयात खुर्चीवर बसून, एक वाक्य लिहून. ते वाक्य मला पाठ आहे: "सदर लहरींच्या पट्ट्यात कोणताही वापरकर्ता अस्तित्वात नाही." तिथे वापरकर्ता होता. पंचावन्न वर्षं जागा राहून तो वाट बघत होता. तो तुमचाच होता आणि तुम्ही त्याला विसरला होता.

मी वैजयंती मेस्त्री, राहणार नेरसोळ. माईकचे सेट भाड्याने देते, रेडिओपासून मिक्सरपर्यंत काय वाट्टेल ते दुरुस्त करते. कॉलेजात गेलेले नाही. जे शिकले ते उघडून, चटके खाऊन शिकले. तेव्हा माझ्या भाषेत सांगते. पटलं नाही तर मशीन घेऊन या, मी इथेच आहे.

चार वर्षांपूर्वी तुम्ही देवळांवरचे कर्णे उतरवलेत आणि गावोगाव 'शांतध्वनी' आणलंत. कल्पना वाईट नव्हती, मीही टाळ्या वाजवल्या. देवळात एक ट्रान्समीटर. गुरवाच्या माईकचा आवाज तो लहरींवर सोडणार आणि घराघरात दिलेला मुठीएवढा हिरवा रिसिव्हर तो पकडणार. ज्याला ऐकायचं त्याने कान फिरवावा, ज्याला नको त्याने बंद ठेवावा. आजारी माणूस झोपणार, पोर अभ्यास करणार. वर पुराची, वादळाची सूचनाही त्याच्यावरून येणार. आमच्या गावाने त्या हिरव्या रिसिव्हरचं नाव बेडूक ठेवलं, कारण चालू होताना तो एकदा 'डरांव' करतो.

या बेडकांना लहरी लागतात. म्हणून तुम्ही जुना एक पट्टा मोकळा केलात आणि तिथे कोणीच नाही असं लिहून दिलंत.

आता सप्ताहाबद्दल. नाव सप्ताह, पण आमच्याकडे तो एकाच दिवसाचा असतो. कार्तिकात, सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत. आठ वाड्या, प्रत्येकीला तीन तास. देवापुढची समई विझायची नाही आणि सूर तुटायचा नाही, एवढे दोनच नियम. एक वाडी उठून दुसरी बसते त्या क्षणाला आम्ही हातबदल म्हणतो. टाळ थांबतात, मृदंग थांबतो, शंभर माणसं ओठांतल्या ओठांत नाम घेतात आणि ऐकू येतो तो फक्त पेटीचा एकच सूर. जाणारा पेटीवाला आपल्या वाडीचा सूर धरून बसलेला असतो, शेजारी येणारा दुसऱ्या पेटीवर बोट टेकवून तयार. एकाने बोट उचललं आणि दुसऱ्याने दाबलं यात फट दिसता कामा नये, आणि दोन सूर एकमेकांवर चढताही कामा नयेत. नवा सूर बसेपर्यंत कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नाही. गावात माणसाची लायकी यावर ठरते. अमक्याच्या आजोबाच्या हातबदलात फट पडली होती हे तिसऱ्या पिढीला ऐकवलं जातं.

माझा बाप भिकाजी मेस्त्री, आम्ही त्यांना दाजी म्हणतो, मेस्त्रीवाडीची पेटी एक्कावन्न वर्षं वाजवत होता. आमच्या वाडीचा सूर पांढरी चार. आमच्यानंतर बसणारी गावडेवाडी, त्यांच्या गळ्याला वरची काळी एक. त्यांचा पेटीवाला नामदेव गावडे, दाजींचाच शिष्य.

त्या सकाळी यमू आते, दाजींची धाकटी बहीण, पदर खोचून निघाली होती. विधवा, आमच्याच घरात राहायची. मला न्हाऊ-माखू घालून तिनेच वाढवलं. महाप्रसादाचे मोठाले टोप नदीवर घासायचं काम ती कोणाला देत नसे.

"भिकाजी," ती म्हणाली, "बेडूक घेवन जातंय. तुझो हातबदल नदीवर बसान आयकतलंय."

"आयक. पण टोप हळू घास, माझ्या सुरात खडखडाट नको," दाजी म्हणाले.

"तुझ्या सुरापेक्षा माझो टोप बरो वाजता," असं म्हणून ती हसत गेली.

दाजींनी मला बजावलं, "वैजू, रेकॉर्ड करतंस मा? हातबदल गावलो पायजे."

मी घरातल्या बेडकाला वायर लावून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं.

बारा वाजता मेस्त्रीवाडी उठली. टाळ थांबले. पांढरी चार एकटी उभी राहिली, मग काळी एक. मी माईकपाशी होते, मी शपथेवर सांगते, असा हातबदल मी जन्मात ऐकला नाही. कोणीतरी मागून "वा!" म्हटलं आणि गुरवाने त्याच्याकडे डोळे वटारले.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी नदीकडून आरडाओरडा आला.

आमच्या वर अडीच कोसांवर देवखिंड धरण. कार्तिकात काठोकाठ भरलेलं. खाली नदी मात्र घोट्याएवढी, दगडादगडांवरून पलीकडे जाता येईल अशी. त्या घोट्याएवढ्या पाण्यात तीन बायका टोप घासत बसल्या होत्या, आणि धरणाचा एक दरवाजा पूर्ण उघडला होता. भोंगा वाजला नाही, बेडकावर सूचना आली नाही. नामघोष चालू होता, तो ऐकत त्या बसल्या होत्या. यमू आते चार मैलांवर सापडली. टोप अजून सापडलेले नाहीत.

आणि धरणावर ड्यूटीला कोण? माझा नवरा प्रभाकर, आमच्याच घरात राहणारा.

ते त्या वेळी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गळतीचं माप घेत होते. मोटरचा आवाज ऐकून धावले. बंदचं बटण दाबलं, दरवाजा थांबला नाही. पुन्हा दाबलं. शेवटी मुख्य स्विच ओढला, तेव्हा मोटर मेली, पण दरवाजा वरच राहिला. मग हाताने दांडा फिरवत खाली आणायला चाळीस मिनिटं. तळहातांची साल निघाली होती. पोलिसांनी त्याच हातांना धरून नेलं.

तुमच्या नव्या पॅनेलमध्ये सगळ्याची नोंद होते. नोंद सांगत होती: बारा वाजून दोन मिनिटं, दरवाजा उघडण्याचा आदेश, स्थानिक बटणावरून. बटणाजवळ माणूस एकच. तुमची चौकशी तिथेच संपली.

जामिनावर ते घरी आले त्या दिवशी दाजींनी ताट उचललं आणि पडवीत जाऊन बसले. मी मागे गेले.

"दाजी, आत चला."

"तो माणूस माझ्या पंगतीक नको."

"ते तुमचे जावई."

"तेणी पाणी सोडल्यान," दाजी म्हणाले. "माझ्या भैणीक खाल्ल्यान. तुका नवरो होयो आसात तर ठेव. माका तेचा तोंड दाखवू नको."

प्रभाकर आत बसून सगळं ऐकत होते. पानातला भात तसाच. संध्याकाळी मला म्हणाले, "वैजू, मी बटणाक हात लावूक नाय."

"मला माहीत आहे."

"कसा माहीत?"

काय सांगणार? सोळा वर्षांत खोटं बोलताना ज्यांचा डावा कान लाल होतो अशा माणसाबरोबर मी राहिले होते. कोर्टात कान दाखवता येत नाही.

अडीच महिने असे गेले. एकाच घरात दोन पंगती. दाजी पेटीला हात लावेनात. एके दुपारी मात्र म्हणाले, "त्या दिवसाचा लाव गो. यमू आयकत होती मा, ता माका आयकाचा आसा."

मी रेकॉर्डिंग लावलं. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून. मी हातातलं काम करत अर्ध्या कानाने ऐकत होते. पांढरी चार. काळी एक. शांतता. आणि त्या शांततेत, नामदेवचा सूर सुरू होऊन चौथ्या सेकंदाला, पाठीमागे बारीकसं काहीतरी: टिर्र-टिक, टिर्र-टिक.

दाजींना ते ऐकू गेलं नाही. दोनशे घरांत ते वाजलं होतं आणि दोनशे घरांनी ती खरखर समजली होती. पण मी आयुष्यभर यंत्रांचेच आवाज ऐकले आहेत. खरखर दोनदा सारखी येत नाही. ही सारखी होती. एका यंत्राने दुसऱ्याला दिलेलं ते उत्तर होतं. मी वेळ बघितली. बारा वाजून दोन मिनिटं.

मी रेकॉर्डिंग बंद केलं. दाजी म्हणाले, "बंद कित्याक केलंस?" मी म्हटलं, "लाईट गेली." पंखा डोक्यावर फिरत होता.

आता मशीन समजून घ्या, कारण तुमच्या एकाही साहेबाला ते माहीत नव्हतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी दूरवरच्या यंत्राला हुकूम देण्यासाठी आजच्यासारखे आकडे आणि कुलपं नव्हती. हुकूम सुरांनी द्यायचे. वायरलेसवरून एक सूर सेकंदभर पाठवायचा, लगेच दुसरा सूर तीन सेकंद. पलीकडच्या डब्यात धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी फक्त आपल्या सुराला थरथरते, बाकी जगाला बहिरी. पहिली थरथरली आणि पाठोपाठ दुसरी तीन सेकंद थरथरत राहिली, की डबा समजतो हुकूम माझ्यासाठी आहे. खटका पडतो, आणि 'मिळाला' म्हणून डबा एक बारीक आवाज परत पाठवतो. पेटीतही तेच असतं, धातूची पातळ पट्टी आणि तिचा एक ठरलेला सूर. फरक इतकाच की आमची पट्टी हवेने थरथरते आणि डब्यातली विजेने.

बोलण्याने तो डबा उघडत नाही, गाण्याने नाही, मृदंगाने नाही. गर्दीच्या आवाजात त्या पट्ट्या गोंधळतात आणि गप्प राहतात. म्हणून तो सुरक्षित समजला गेला. स्वच्छ, एकटा, एकामागून एक, मध्ये फट नाही, असे दोन सूर निसर्गात कोण काढणार?

मी प्रभाकरना विचारलं, "धरणावर जुना वायरलेसचा डबा आहे का?"

ते म्हणाले, "दरवाज्याच्या खोलीत भिंतीक कायतरी आसा. चौकोनी. मी लागलंय तेव्हापासून तेका दर वर्षी रंग मारतंय."

"रंग? आत काय आहे ते नाही बघितलं?"

"साहेब येवच्या आधी सगळ्याक रंग मारूचो, असो हुकूम. उघडाचो हुकूम खय होतो?"

हसू की रडू कळेना. तीस वर्षांचा करडा रंग.

निलंबित माणसाला धरणावर पाय ठेवता येत नाही. मी शाखा अभियंता केणी मॅडमकडे गेले. वय सव्वीस, चार महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या, अजून लोकांचं ऐकून घेण्याची सवय मोडलेली नव्हती. रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. म्हणाल्या, "मी तुम्हाला आत नेलं हे कोणाला सांगू नका." आज सांगते आहे, कारण त्यांची बदली तुम्ही करून झाली आहे.

रंगाचे पापुद्रे कानशीने काढावे लागले. आत डबा होता. पाटीवर १९८१. आणि तो कोमट होता! मी हात ठेवला तर जनावराच्या पोटासारखा कोमट. त्याला वीज देणारा चार्जर तीनदा बदललेला. ज्यांनी बदलला त्यांनी खाली काय जोडलंय ते बघितलं नाही. डब्यातून निघालेल्या दोन वायरी नव्या पॅनेलमध्ये नेऊन बटणाच्या वायरींनाच पिळून बांधल्या होत्या. पॅनेल बसवणाऱ्याने जे भिंतीतून बाहेर आलेलं दिसलं ते जोडून टाकलं. म्हणून डब्याचा हुकूम तुमच्या नोंदीत बटणाचा हुकूम म्हणून उमटला. आणि हा खटका एकदा पडला की पडलाच. त्याला सोडवायला दुसरी सुरांची जोडी लागते, नाहीतर वीजच तोडावी लागते. बंदचं बटण त्याला काय करणार?

मॅडमनी मोटरच्या वायरी काढल्या. मी दाजींची पेटी नेली होती, "भाता दुरुस्त करते" असं सांगून. देवळातल्यासारखा ट्रान्समीटर लावला, माईक ठेवला, पांढरी चार दाबली, मग काळी एक.

काही नाही.

पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदा, पाचव्यांदा, नवव्यांदा. मॅडमच्या चेहऱ्यावरचा विश्वास उतरत चालला. मग कळलं, माझी बोटं बेताची आहेत. माझ्या दोन सुरांत फट पडत होती, नाहीतर एक दुसऱ्यावर चढत होता. मी पेटी दुरुस्त करते, वाजवत नाही. डोळे मिटून दाजी कसे करतात ते आठवलं, मनगट न हलवता, बोट उचलत नाहीत, सोडतात. सतराव्यांदा सोडलं.

खट्.

आणि मागोमाग टिर्र-टिक, टिर्र-टिक.

केणी मॅडम "अगं बाई" म्हणून खाली बसल्या. मी रडत होते. माझा नवरा सुटला म्हणून रडत होते असं त्यांना वाटलं. तेही खरं होतं. पण मला दुसरंही समजलं होतं. डबा कोणाच्याही सुराला उघडला नसता. गावातल्या इतर सहा हातबदलांत ही जोडी येत नाही. आधीच्या वर्षांत आमच्याही हातबदलात केसाएवढी फट राहून गेली असणार. आणि हीच जोडी दुसऱ्या कोणा बऱ्यावाईट पेटीवाल्याने घेतली असती, थोडी फट पडली असती, तर यमू आते टोप घासून घरी आली असती. त्या दिवशी तो सूर जितका शुद्ध लागायला हवा होता, तितकाच शुद्ध लागला होता.

घरी येऊन प्रभाकरना परसात नेऊन सगळं सांगितलं. वाटलं, उडी मारतील. ते माडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले.

"दाजींका सांगू नको," ते म्हणाले.

"अहो, तुम्हाला शिक्षा होईल!"

"होवंदे. दोन-तीन वर्सा भितूर रवान मी भायर येतलंय. म्हाताऱ्यान ह्या आयकल्यान तर तो खयसून भायर येतलो?"

"ते तुमच्या ताटाला ताट लावत नाहीत."

"माझ्यार राग आसा म्हणान तो जेवता तरी," प्रभाकर म्हणाले. "स्वतःर राग इलो तर जेवतलो?"

मला त्यांचा संताप आला. इतकं चांगलं असायची काय गरज होती? एकीकडे नवरा, दुसरीकडे बाप, आणि मध्ये मी त्या डब्यासारखी. कोणता सूर आधी लावू? तीन दिवस मी घरात नीट बोलले नाही. शेवटी मधला मार्ग काढला. तुम्हाला अर्ज लिहिला. डब्याचा फोटो, वायरींचा फोटो, रेकॉर्डिंग. पेटीचं, सप्ताहाचं, दाजींचं नाव कुठेच नाही. एवढंच लिहिलं की 'शांतध्वनीवरून गेलेल्या दोन सुरांमुळे.' वाटलं, तुम्ही वाचाल, शहाणे असाल तर डबे शोधाल, माझा नवरा सोडाल, आणि कोणाच्या बोटाने ते विचारणार नाही.

तुम्ही काय केलंत? डबा उतरवून नेलात. मग उत्तर पाठवलंत: "असे कोणतेही उपकरण या कार्यालयाच्या सूचीत नाही, सबब अर्जात उल्लेखिलेले उपकरण अस्तित्वात नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे." नेलेल्या डब्याची पावती नाही. केणी मॅडमची बदली. आणि पंधरा दिवसांनी, सकाळी दहाला, जीप आमच्या अंगणात.

जीपमधून उतरलेले तुमचे साहेब गोड बोलत होते. पाणी मागितलं, पायरीवर बसले. दाजी पडवीत सुपारी कातरत होते.

"आजोबा, सप्ताहात बारा वाजता पेटी कोण वाजवत होतं?"

मी आतून धावले. "साहेब, ते आजारी असतात."

"कोण आजारी?" दाजी ताठ बसले. "मिया वाजवी होतंय. एक्कावन्न वर्सा. कित्याक, काय झाला?"

"तुमच्या वाजवण्याने धरणाचा दरवाजा उघडला म्हणतात. ध्वनिप्रक्षेपणाचा निष्काळजी वापर. जबाब द्यावा लागेल."

दाजी हसले. खरंच हसले. "सायबानू, पेटयेन दरवाजो उघडतो तर मी धरणार नोकरी नसती केली?" मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बघून हसणं थांबलं. अडकित्ता हातातच राहिला.

जीप गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. सगळं विचारून घेतलं, एकेक. पट्ट्या कशा थरथरतात. खटका कसा पडतो. मी प्रत्येक वाक्यात "तुमचा दोष नाही" घालत होते, ते हाताने बाजूला करत होते. मिस्त्री माणूस, त्यांना यंत्र समजलं.

शेवटी म्हणाले, "वैजू, खरा सांग. माझो सूर तुटलेलो असतो तर?"

खोटं बोलायला हवं होतं. एवढं आयुष्य यंत्रांत गेलं, वेळेवर खोटं बोलायला नाही शिकले.

"तर काय झालं नसतं, दाजी."

त्यांनी मान हलवली, जणू हातबदल कसा झाला यावर कोणीतरी मत दिलं होतं. "मग त्या दिवशी तुटाक होयो होतो."

मग उठून आत गेले. प्रभाकर पाटावर बसले होते. दाजी त्यांच्या समोर उभे राहिले, आणि माझा बाप, जो देवापुढे सोडून कोणापुढे वाकला नाही, तो जावयाच्या पायांशी खाली बसला. प्रभाकरनी त्यांना खांद्याला धरून उठवायचा प्रयत्न केला. "दाजी, असा नको, दाजी, माका लाज वाटता." त्या दिवशी दोघे एका पंगतीला बसले. दाजींनी एक घास घेतला नाही.

आता सात महिने झाले. ते पेज घेतात, तीही यमू आतेचं नाव काढून भरवली तर. बोलत नाहीत. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर ठेवून सोडतात, पुन्हा ठेवतात, पुन्हा सोडतात. नामदेव गावडे एकदा आला, पडवीत तासभर बसून गेला. त्याने पेटी विकली. आमच्या गावातल्या दोन उत्तम पेट्या गप्प झाल्या आणि तुमच्या केसमध्ये आता दोन आरोपी आहेत. एक बटण न दाबल्याबद्दल, एक सूर न चुकल्याबद्दल. एकाच गुन्ह्याला दोन कारणं तुम्ही लिहिलीत आणि दोन्ही एकमेकांना खोटं पाडतात हे तुमच्या एकालाही दिसलं नाही.

मी म्हटलं, रडून होणार नाही. तुम्ही आमचा डबा नेलात, पण पाटीवर शेवटी एक आकडा होता, तो फोटोत आहे: चार. चौथा डबा म्हणजे तीन आधी, आणि नंतरचे किती? जुन्या यंत्रांना आणखी एक खोड असते. ती दिवसातून एकदा आपणहून 'मी चालू आहे' असा आवाज देतात, ऐकायला कोणी असो वा नसो. बेडकांना हे ऐकू येत नाही, कारण देवळातून आवाज आला तरच ते जागे होतात. म्हणून मी गेल्या महिन्यात जुना मोठा रिसिव्हर, लांब अँटेना आणि गाडीची बॅटरी घेऊन घाटमाथ्यावर चढले. प्रभाकरनी बॅटरी पाठीवर घेतली. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत आम्ही कातळावर बसून राहिलो. वारा, गुरांच्या घंटा, दोनशे गावांच्या आरत्या. आणि त्यांच्या मध्ये, थांबून थांबून, टिर्र-टिक.

सकाळी सात-बाराला एक. साडेआठला दुसरा, जरा जाड आवाजाचा. नऊ-चाळीसला दोन, जवळजवळ एकत्र. प्रभाकर बोटांवर मोजत होते. उतरायच्या वेळी दोन्ही हातांची बोटं संपली होती आणि आणखी एक उरला होता.

अकरा.

अकरा डबे कुठेतरी रंगाखाली कोमट आहेत. कोणत्या दरवाज्याला बांधलेले, मला माहीत नाही. त्यांच्या सुरांची जोडी कोणती, मला माहीत नाही. आमच्या डब्यासाठी पांढरी चार आणि काळी एक होती, त्यांच्यासाठी दुसरी काही असेल. कुठल्याशा शाळेची घंटा आणि प्रार्थनेचा पहिला सूर असेल. सनई असेल. कुणा पोरीच्या रियाजातले दोन स्वर असतील, आणि ती जितकी मेहनत करील तितकी त्या खटक्याच्या जवळ जाईल.

मी गावोगाव हिंडले. पेटीवाल्यांना सांगितलं, जरा चुकून वाजवा, फट ठेवा. लोक हसले. एक म्हातारबुवा म्हणाले, "बाये, सत्तर वर्सा चुकू नये म्हणान घालवली, आता चुकूक शिकव मगे." ट्रान्समीटर बंद ठेवा म्हटलं तर सरपंच म्हणाले, सरकारी योजना आहे, बंद ठेवली तर आमच्यावर कारवाई. तुम्हाला सहा पत्रं लिहिली. सहाही निकाली. अकरा डबे सूचीत नाहीत, म्हणून ते नाहीत.

माझ्याकडे आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, हे कबूल करते. मी दरवाजे उघडून बघू शकत नाही. लहरी बंद करू शकत नाही. माणसांना सुरात वाजवू नका असं सांगून बघितलं. माझा बाप मला परत आणता येत नाही. माझ्या नवऱ्याची तारीख पुढच्या बुधवारी आहे आणि ज्या वस्तूने तो सुटेल ती तुमच्या कुठल्या गोदामात आहे ते तुम्ही सांगत नाही. पण कार्तिक सव्वा महिन्यावर आला आहे. धरणं भरली आहेत. नद्या घोट्याएवढ्या होतील आणि बायका टोप घेऊन उतरतील.

म्हणून मागते. माफी नको, चौकशी समिती नको. मला यादी हवी. अकरा धरणं, अकरा नद्या, अकरा जोड्या सुरांच्या. ज्या माणसाने १९८१ साली ते डबे बसवले त्याने कुठेतरी लिहून ठेवलं असणारच, आणि तो कागद तुमच्याच कपाटात आहे. कोणत्या नदीत आमच्या बायकांनी उतरू नये?

सांगा. बुधवारच्या आत सांगा.